अल्बानियन ठासणीची बंदूक: कळ गंजलीय, कमान तुटलीय, चालू करायची आहे

तळकोकणी

मंडळी, राम राम. जुन्या वस्तू दुरुस्त करणारे बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतो.

गेल्या महिन्यात इकडे बर्मिंगहॅमजवळच्या एका लिलावात मी एक बंदूक घेतली. यादीत "तुर्की बंदूक, मोडकी" एवढंच लिहिलं होतं. घरी आणली तर बायको म्हणाली, "हे काय, पडद्याचा दांडा आणलात?" तिचंही चुकलं नाही. बंदूक १५८ सेंटिमीटर लांब आहे, बायकोपेक्षा जराशीच आखूड. नळी ११७ सेंटिमीटर, तोंड साडेपंधरा मिलिमीटर. दस्ता लाकडी नाहीच, सगळा लोखंडी आणि हाताच्या मनगटापेक्षा बारीक, शेवटाला बांगड्याच्या शेपटीसारखा फाकलेला. खांद्याला लावून बघितला तर रुततो. नळीखालच्या लाकडावर पितळेचा पत्रा मढवलाय, त्यावर वेलबुट्टी ठोकलीय. नळीवर रोमन अक्षरांत "लाझारिनो" असं काहीतरी आहे, पुढचं पुसलंय.

शेजारचे आजोबा कोसोव्होतले, प्रिझरेन गावचे अल्बानियन. १९९९ साली तिथल्या युद्धाच्या वेळी कुटुंब घेऊन इकडे आले. मी अंगणात बंदूक पुसत होतो, ते कुंपणापाशी येऊन थांबले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ही तुर्की नव्हे. आमची." अशा बंदुकीला तान्चित्सा म्हणतात, म्हणजे सडपातळ, हे त्यांनीच सांगितलं. त्यांचं इंग्रजी माझ्या सासऱ्यांइतकंच, पण गंमत बघा, त्यांनी कळीकडे बोट दाखवून म्हटलं "चकमक", नळीत बोट घालून म्हटलं "बारूत". मी म्हटलं, आजोबा, एवढं तर मला आईच्या पोटातनं येतं! त्यानंतर आमचं छान जमलंय.

आता दुखणं सांगतो. कळ, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, बाहेरच्या अंगाला आहे, मोठी व्ही आकाराची कमानही (स्प्रिंग) बाहेरच, आणि तिचा एक पाय तुटलाय. घोड्याचा, म्हणजे गारगोटी धरून आपटणाऱ्या भागाचा, जबडा आवळायच्या स्क्रूला डोक्याऐवजी कडी आहे, ती फिरत नाही. घोडा अर्ध्यावर थांबत नाही, सुळकन खाली येतो. गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची काठी, नाहीच. रंजकाचं भोक, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूची आग नळीत जाते ते, इतकं मोठं झालंय की त्यात काडेपेटीची काडी आरामात जाते.

मी कुडाळकडचा. आजोबांकडे शेताच्या राखणीची ठासणीची बंदूक होती, परवान्याची. डुकरं आली की ती वाजायची, आणि वाजली की आम्ही पोरं परड्यात धावायचो. त्यामुळे ही एकदा तरी वाजवायचीच असं डोक्यात बसलंय. कामाला मी सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापाई यंत्रावर) आहे, हातात कसब आहे, पण असलं काही केलेलं नाही. कुठून सुरू करू?

केंटवासी

अभिनंदन, आणि थोडं पाणी ओततो. ब्रिटनमध्ये अशी जुनी ठासणीची बंदूक "कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू" म्हणून ठेवायला परवाना लागत नाही, १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या ५८ व्या कलमात तशी सवलत आहे. पण वाजवायचा बेत केलात की ती सवलत संपली. गुळगुळीत लांब नळी म्हणून शॉटगनचा परवाना हवा आणि काळी दारू घरात आणायला स्फोटकांचा वेगळा दाखला हवा. दोन्ही पोलिसांकडूनच. आधी फोन करून विचारा, नंतर कानस हातात घ्या. आणि सुट्टीला गावी नेऊन दाखवू, हा विचार मनात असेल तर आत्ताच काढून टाका.

टूलरूमकाका

तळकोकणी, मी पिंपरीच्या टूलरूममध्ये तेहेतीस वर्षं काढली, आता लेकीकडे कॉव्हेंट्रीत असतो आणि जुन्या कळींचा नाद आहे. अशा बाल्कन (आग्नेय युरोपातल्या) कळी तीन उघडल्यात. सवडीने वाच.

सगळ्यात आधी, आज, आत्ता, हे कर. एक सरळ लाकडी दांडी घे, नळीत अलगद सोड, टेकली की तोंडाशी पेन्सिलीने खूण कर. दांडी बाहेर काढून नळीला बाहेरून लाव. टोक रंजकाच्या भोकापाशी आलं पाहिजे. त्याच्या अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी आहे, आणि ते काहीतरी दारू आणि गोळी असू शकतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी भरून ठेवलेल्या बंदुका आजही सापडतात. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. तुझ्या आजोबांची आठवण काढलीस म्हणून सांगतो, आमच्या मामाच्या घरी पावसाळ्याआधी भरलेली ठासणीची तशीच भिंतीवर राहिली. दिवाळीत साफ करायला काढली तेव्हा वरची सहा कौलं गेली. खाली कोणी नव्हतं म्हणून आज हसून सांगतो.

हे होईपर्यंत टॉर्च नाही, ड्रिल नाही, गॅस नाही. गंजलेला स्क्रू तापवायचा मोह सगळ्यांना होतो.

नळी रिकामी आहे असं धरून पुढचं. कडीचा स्क्रू जबरदस्तीने फिरवू नकोस. अ‍ॅसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल समसमान घेऊन दोन-दोन थेंब सोड, रोज सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. घाई असेल तर हे काम घेऊच नकोस. आणि निघाला की त्याचे आटे बघून "आपण एम फाइव्हचा टॅप मारून टाकू", म्हणजे आजच्या ठरलेल्या मापाचे आटे पाडू, असं तुझ्या सीएनसीवाल्या मनात येईल. नको मारू. ते आटे हाताने कापलेले आहेत, कोणत्याही मापात बसत नाहीत, त्या स्क्रूचं आणि त्या भोकाचं लग्न आहे. काढलेला प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात, वर नाव.

आता कळ. आपल्याला माहीत असलेल्या इंग्रजी-फ्रेंच चकमकीच्या बंदुकीत कमान आत लपलेली असते. तुझ्यात ती बाहेर आहे आणि थेट घोड्याच्या पायाला दाबते. घोडा मागे ओढला की पट्टीतल्या भोकांतून आतून दोन लहान खिट्ट्या बाहेर डोकावतात, एक अर्ध्या घोड्यासाठी (सुरक्षित थांबा), दुसरी पूर्ण घोड्यासाठी (वाजवायला तयार), आणि घोड्याचा पाय त्यांवर टेकतो. चाप ओढला की खिट्टी आत जाते आणि घोडा सुटतो. साधी, उघडी, शेतावर बसून दुरुस्त करता येईल अशी रचना आहे ही. डोंगरातल्या माणसाला हेच हवं होतं. तुझा घोडा अर्ध्यावर थांबत नाही म्हणजे अर्ध्याची खिट्टी झिजलीय किंवा तिची छोटी कमान मेलीय. झिजलेली खिट्टी वेल्डिंगने भरू नकोस. टूल स्टीलची नवी कर, जुनी पाकिटात ठेव. उद्या कोणाला मूळ तुकडा परत बसवायचा असेल तर बसवता आला पाहिजे.

मोठी कमान. तुटलेली जोडता येत नाही, जोडली तर पहिल्याच दाबाला पुन्हा तुटते. ०.७ ते ०.९ टक्के कार्बनचं स्प्रिंग स्टील घे. तापवून लालबुंद असताना व्हीमध्ये वळव, पण वळणापाशी चपटी मारू नकोस, मधे पातळ पत्रा घालून थोडी फट ठेव, नाहीतर तिथेच चीर पडते. पाय वळणापाशी जाड, टोकाकडे उतरत्या जाडीचा. आणि कानस नेहमी लांबीत चालव. आडवा ओरखडा राहिला की कमान बरोबर तिथूनच जाते, तुझी तुटलेली बघ, बहुतेक तसंच दिसेल. मग कडक करणं. लोहचुंबक चिकटायचं बंद होतं त्याच्या जरा वर ताप दे आणि कोमट तेलात. पाण्यात नको, तडकेल. बाहेर काढलीस की ती काचेसारखी असते, खाली पडू दिलीस तर संपली. मग तिला चकचकीत घास आणि पुन्हा तापव, निळा रंग येईपर्यंत, सुमारे तीनशे अंश. आमचा म्हातारा फोरमन याला "पोलादाचा राग उतरवणं" म्हणायचा. ओव्हनवर विश्वास नसेल तर कमान तेलात बुडवून तेलच पेटवून जळू दे, दोन-तीनदा. तीही जुनी रीत आहे.

बसवताना कमान दाबायचा व्हाइस वापर, पकड नको. माझ्या उजव्या अंगठ्यावरची खूण हीच कथा सांगते.

शेवटचा भाग म्हणजे गारगोटी जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी, जी रंजकदाणीचं झाकणही असते. तिच्यावर उभ्या चरी आहेत का बघ. बारीक कानस कोपऱ्यात लावून बघ, घसरली तर पट्टी अजून कडक आहे, चावली तर मऊ पडलीय. ठिणगी गारगोटीतून येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. गारगोटी त्या पोलादाची बारीक साल काढते, ती साल हवेत पेटते, तीच ठिणगी. पट्टी मऊ असेल तर हाडांचा आणि कातड्याचा कोळसा घालून लोखंडी डबीत बंद करून, नऊशे अंशांच्या आसपास काही तास, आणि मग सरळ पाण्यात. वरचा थर कार्बन पितो. पोलादाला पाणी पाजणं म्हणतात ते हेच.

गारगोटी सफोकमधल्या ब्रँडनची काळी घे. तुझ्या घोड्याचा जबडा रुंद आणि आखूड असणार, तेव्हा चौकोनी बघ. चामड्यात गुंडाळून आवळ.

आता वाजवण्याबद्दल. माझं मत विचारशील तर कळ वाजव, नळी नको. ही नळी लोखंडाचा पट्टा गुंडाळून ऐरणीवर जोड मारून केलेली आहे. जोड कुठे कच्चा राहिला हे बाहेरून दिसत नाही, आणि गंज आतून नेमका मागच्या टोकाला खातो, जिथे दाब सगळ्यात जास्त. काहीजण आत नवी पोलादी नळी बसवून घेतात आणि मग तुझ्याच गावातल्या प्रूफ हाउसमध्ये, १८१३ पासून चालू आहे ते, परीक्षेला पाठवतात. होतं तसं. पण त्यासाठी जुनी नळी आतून कोरावी लागते. मग उरलं काय? वर अल्बानियन साल, आत बर्मिंगहॅमचा पाइप.

बारवेवरचा

काकांनी यंत्राचं सगळं सांगितलंय, मी पुण्यातून शब्दांची भर घालतो. शेजारच्या आजोबांना विचारा, बंदुकीला "द्युफेक" म्हणतात का. तुर्की तुफेक, त्याचाच आपला तुपक. बखरींत बाण-तुपक जोडीने येतात. चकमकही तुर्कीच. उस्मानी तुर्कांकडून शब्द आणि माल दोन्ही दोन दिशांना गेले, एकीकडे अल्बानियातल्या ड्रिन नदीच्या खोऱ्यात, दुसरीकडे इराण-दख्खन मार्गे आपल्याकडे. फरक एवढाच की आपल्याकडे मराठेशाहीच्या अखेरपर्यंत तोड्याच्या बंदुकाच जास्त होत्या, पेटती वात लावायची. चकमकीची कळ आपल्या लोहारांनी मनावर घेतली नाही, बाल्कनच्या लोहारांनी घेतली. का, यावर पुण्यात दोन तास भांडता येईल.

"लाझारिनो"वरून हुरळू नका. लाझारिनो कोमिनाझ्झो हे इटलीतल्या ब्रेशाजवळच्या गार्दोने गावातलं सतराव्या शतकातलं नळ्यांचं बडं नाव. ते इतकं नावाजलं की निम्म्या भूमध्य समुद्राने ते खोटं कोरलं, स्पेलिंगसुद्धा चुकवून. तुमची नळी खरी इटालियन असू शकते, प्रिझरेनची किंवा तेतोवोची असू शकते. अक्षरं ओबडधोबड असतील तर मी दुसऱ्यावर पैसे लावीन.

या बंदुकांचा काळ संपला तो अमेरिकन मालाने. १८७० च्या दशकात तुर्की सरकारने र्‍होड आयलंडच्या एका कंपनीकडून सहा लाख पीबॉडी-मार्टिनी रायफली, मागून गोळी भरायच्या, मागवल्या. १८७७ साली बल्गेरियातल्या प्लेव्हनाला रशियनांना त्यांचा मारा लांबूनच जाणवला. मग डोंगरातल्या माणसालाही मार्टिनीच हवी झाली, आणि तान्चित्सा भिंतीवर गेली.

तळकोकणी

काका, तुमच्या पाया पडतो. दांडी घातली. भोकाच्या सहा सेंटिमीटर अलीकडे थांबली.

तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा हात थरथरत होते. महिनाभर ही बंदूक मुलाच्या खोलीबाहेर कोपऱ्यात उभी होती. आणि परवाच मी कडीचा स्क्रू तापवायला गॅसचा टॉर्च मागवला होता, अजून खोक्यातच आहे. काय करू?

टूलरूमकाका

घाबरू नकोस, पण आता शहाणपणा दाखवायचा नाही. घोडा खाली असू दे, जबड्यात गारगोटी नको. बंदूक आडवी ठेव, तोंड भिंतीकडे, जिच्यामागे कोणी नाही अशा. मुलांना तिकडे बंदी. आणि एखाद्या नोंदणीकृत बंदूक दुरुस्तीवाल्याला फोन कर, तुझ्या गावात त्यांची आख्खी वस्ती होती, अजूनही काही आहेत. फोनवरच सांग की भरलेली असावी. तशीच गाडीत टाकून जाऊ नकोस, कशी आणायची ते तो सांगेल. तो पाणी ओतून दारू मारेल आणि गजाला स्क्रू लावून आतलं ओढून काढेल. मीही हे स्वतः करत नाही.

केंटवासी

काकांना अनुमोदन. आणि तो टॉर्च परत पाठवा.

तळकोकणी

उशिरा लिहितोय, माफी असावी. सात आठवडे झाले.

दुरुस्तीवाल्याने नळीत पाणी भरून चार दिवस ठेवलं, मग माझ्यासमोर ओढलं. आधी कापडाचा बोळा आला, काळा, पण विणीचे धागे ओळखू येत होते. मग शिशाची गोळी, बाहेर पांढरट बुरशीसारखा थर, एका बाजूला साच्याची शिवण आणि साच्याचं देठ कापल्याची खूण. मग काळा चिखल, अंदाजे चहाचा एक चमचा. कोणीतरी ती भरली, आणि वाजवायची वेळ आली नाही, किंवा आली आणि ती वाजलीच नाही. त्याने आत कॅमेरा घालून दाखवला. मागचं टोक चंद्रासारखं, नुसते खड्डे. तो म्हणाला, "मी असतो तर हिच्यात दारू घातली नसती." काका, तुमचेच शब्द, फक्त बर्मिंगहॅमच्या ब्रमी बोलीत. वाजवायचा विषय तिथे संपला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

कडीचा स्क्रू अकराव्या दिवशी हलला. कमान पहिली मोडली (घाईत तेल थंडच ठेवलं होतं), दुसरी वाकलेली राहिली, म्हणजे राग जास्त उतरवला. तिसरी बसली. खिट्टी नवी केली, मूळ पाकिटात. पट्टीला कानस घसरली म्हणून तिला हात लावला नाही. पितळ घासायला बायको लिंबू-मीठ घेऊन आली होती, तिला थांबवताना भांडण झालं ते वेगळं.

शनिवारी शेजारच्या आजोबांना बोलावलं. स्वयंपाकघरातले दिवे बंद केले, त्यांच्या हातात बंदूक दिली. त्यांनी अंगठ्याने घोडा मागे घेतला, एक टिक, दुसरी टिक, मला न विचारता, जसं काही काल परवाच केलंय. पहिल्यांदा नुसता खट्. दुसऱ्यांदा एकच ठिणगी. गारगोटी मी उलटी लावली होती, ती फिरवली. तिसऱ्यांदा मूठभर ठिणग्या ओट्यावर सांडल्या आणि माझा मुलगा ओरडला, "चकमक!" आजोबा त्याच्याकडे बघून दोनदा मान हलवून हो म्हणाले, त्यांच्या भाषेत "पो, पो."

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे पाहुणा दारात आला की यजमान आधी त्याची बंदूक स्वतःच्या हाताने घेतो आणि बैठकीच्या भिंतीवर टांगतो. पाहुणा घरात आहे तोवर त्याचं रक्षण घरवाल्याने करायचं. त्या खोलीला ते "ओडा" म्हणतात. त्यांच्या आजोबांच्या ओडातली अशीच एक १९९९ साली घरासकट गेली. माझ्या भिंतीवर दोन खुंट्या ठोकल्या होत्या. त्यांनी मला बंदूक दिली नाही, स्वतःच टांगली, आणि खाली उतरवून पुन्हा एकदा टांगली, कारण माझ्या खुंट्या एका पातळीत नव्हत्या.

काका, आता एक शेवटचं. गज करायचाय. कशाचा करू? इथे अ‍ॅशचं लाकूड सहज मिळतं.

टूलरूमकाका

अ‍ॅश चालेल, मात्र रेषा सरळ टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या बघून फाडलेला घे, करवतीने कापलेला नको. अळशीचं तेल पाज. जाडी दोन्हीकडे सारखी ठेवू नकोस, खोबणीत जाणारं टोक थोडं निमुळतं. बंदूक टांगलेली असताना घोडा खाली ठेव, कमान ताणून ठेवायची नाही.

आणि खुंट्या सरळ कर.